नवीन लेन्स घेतली? पहिल्या ऑर्डरच्या आधी ही तपासणी कराच!



फोटोग्राफीच्या धंद्यात नव्याने उतरणारी मुलं-मुली दुकानात येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास असतो. "सर, नवीन लेन्स घेतली, पण फोटो सॉफ्ट येतायत. पीस खराब आहे का?" मी आधी एवढंच विचारतो, "घेऊन किती दिवस झाले?" उत्तर येतं, "दीड महिना झाला, पण बॉक्समधून आत्ता काढली. परवा लग्नाची ऑर्डर आहे ना!"

आता बघा, लेन्समध्ये खरंच खोट असेल, तरी बदलून घ्यायची मुदत संपलेली. आणि खोट नसेल, दोष सेटिंगचा असेल, तर ते शोधायलाही वेळ नाही. परवाच्या लग्नात अंतरपाट एकदाच दूर होणार आहे. तो फोटो हुकला तर नवरा-नवरीला "परत उभे राहा" असं सांगता येत नाही.

समजा, तुम्ही साठ हजारांची लेन्स हप्त्यावर घेतली. हप्ता दर महिन्याला जाणार, मग लेन्स चालो वा न चालो. एका लग्नाचे फोटो बिघडले तर त्या ऑर्डरचे पैसे अडकतात, आणि त्या मांडवातून ज्या चार नवीन ऑर्डरी मिळाल्या असत्या त्याही जातात. म्हणून लेन्स तपासणं हा फोटोग्राफीचा छंद नाही, तो धंद्याचा भाग आहे. चाकण-भोसरीच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात बाहेरून माल आला की आधी इन्स्पेक्शन होतं, मगच तो स्टोअरमध्ये जातो. तुमची बॅग म्हणजे तुमचं स्टोअर. तिथेही हाच नियम लावायचा.

आधी हे समजून घ्या: खोट म्हणजे काय?

लेन्सच्या आत अनेक भिंगं एका ओळीत बसवलेली असतात. त्यांची बसवणी केसभर इकडेतिकडे झाली तरी फोटोत फरक पडतो. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन नग अगदी डिट्टो सारखे नसतात. अमेरिकेत लेन्सरेंटल्स नावाची लेन्स भाड्याने देणारी कंपनी आहे. तिचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकेका मॉडेलचे अनेक नग मशीनवर लावून मोजले आणि प्रसिद्ध केले. निष्कर्ष साधा आहे: नगानगात फरक असतोच, आणि प्राइमपेक्षा झूम लेन्समध्ये तो सहसा जास्त असतो.

म्हणजे "माझी लेन्स परफेक्ट आहे का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न दोन आहेत. एक, हा नग त्याच्या मॉडेलने जे द्यायला हवं ते देतोय का? दोन, देत नसेल तर ते मी मुदतीच्या आत सिद्ध करू शकतो का?

खालच्या गोष्टी खोट नाहीत, हे लक्षात ठेवा:

- लेन्स पूर्ण उघडी ठेवल्यावर, म्हणजे एफ/१.८ किंवा एफ/३.५ ला, चारही कोपरे सारखेच थोडे सॉफ्ट येणं.
- कोपऱ्यांत थोडा अंधार येणं, किंवा वाइडला सरळ रेषा किंचित वाकणं.
- आत धुळीचा एखादा कण दिसणं. त्याने फोटोवर काही परिणाम होत नाही.
- कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आतून हलका खडखड आवाज येणं. स्टॅबिलायझर असलेल्या आणि काही नवीन मोटरच्या लेन्समध्ये आतला भाग मोकळा असतो. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर काळजी नको.

पायरी १: बॉक्स उघडण्याआधी

पार्सल ऑनलाइन आलं असेल तर लेबल आणि सील दिसेल असा एकसलग व्हिडिओ काढत बॉक्स उघडा. मधे व्हिडिओ थांबवू नका.

मग सिरीयल नंबर बघा. बॉक्सवरचा, लेन्सवरचा, वॉरंटी कार्डावरचा आणि बिलावरचा, चारही जुळले पाहिजेत. बिलावर नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली किंवा चिकटवलेली आहे का, तेही बघा. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर हे असणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर माल "ग्रे" असण्याची शक्यता मोठी, आणि मग कंपनीची भारतातली वॉरंटी मिळणं अवघड. दोन-तीन हजार वाचवायला कच्चं बिल घेणाऱ्यांना मी हेच सांगतो, की ते पैसे वाचत नाहीत, फक्त पुढे कधीतरी दुप्पट होऊन जातात.

बॉक्स, थर्माकोल, पिशव्या, टोप्या सगळं जपून ठेवा. तपासणी पूर्ण होईपर्यंत एक कागदही टाकायचा नाही.

पायरी २: डोळ्यांनी आणि हातांनी

मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका टाका आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. नवीन लेन्सला बुरशी असायचं कारण नाही. दिसली तर माल जुना पडून होता किंवा कुणीतरी आधी उघडला होता. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात खरेदी करत असाल तर हे आवर्जून बघा.

झूम आणि फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. मधेच अडकते का, कुठे कचकच लागते का? माउंटची पितळी टोकं स्वच्छ आहेत का? कॅमेऱ्यावर बसवल्यावर लेन्स डगमगते का?

आता ब्लेडची परीक्षा. दिवसाच्या उजेडात, सावलीत, मॅन्युअल मोडवर, एफ/१६ ला एकाच गोष्टीचे लागोपाठ दहा फोटो काढा. सगळे एकसारखे उजळ आले पाहिजेत. मधला एखादा जास्त उजळ आला, तर ब्लेड अडकत असण्याची शंका घ्या. ही परीक्षा ट्यूबलाइटखाली करू नका. ट्यूबचा उजेड स्वतःच लुकलुकतो, आणि दोष विनाकारण लेन्सवर जातो.

पायरी ३: भिंतीवरचं वर्तमानपत्र

खरी तपासणी इथे सुरू होते. खर्च शून्य.

छोट्या जाहिरातींची पाच पानं घ्या. बारीक अक्षर हवं म्हणून छोट्या जाहिराती. कॅमेरा स्टँडवर लावा, लेन्समधून बघत बघत एक पान फ्रेमच्या मध्यावर आणि चार पानं चार कोपऱ्यांत येतील अशी भिंतीवर चिकटवा. ५० एमएमची लेन्स असेल तर अडीच मीटर अंतर पुरतं.

कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर हवा. नाहीतर एक बाजू लांब पडते, सॉफ्ट येते आणि आपण लेन्सला नावं ठेवतो. त्यासाठी मधल्या पानावर एक छोटा सपाट आरसा चिकटवा. कॅमेऱ्यातून बघताना आरशात तुमच्याच लेन्सचं तोंड फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसलं, की कॅमेरा सरळ आहे.

सेटिंग अशी ठेवा:

- आयएसओ १००, आणि रॉ फाइल.
- यूव्ही फिल्टर काढून टाका. दोनशे रुपयांचा फिल्टर साठ हजारांच्या लेन्सची इज्जत घालवू शकतो.
- स्टॅबिलायझर बंद. स्टँडवर त्याचं काम नाही.
- दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही.
- लाइव्ह व्ह्यूमध्ये मधलं पान मोठं करून फोकस करा.

पहिला फोटो लेन्स पूर्ण उघडी ठेवून, मग एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ ला. झूम असेल तर हीच मालिका वाइड, मधलं आणि टेली अशा तीन ठिकाणी. आता कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठं करून कोपरे बघा. मोबाइलवर बघून निर्णय घेऊ नका.

चारही कोपरे सारखे सॉफ्ट, आणि एफ/८ पर्यंत जाता जाता सुधारले? तो लेन्सचा स्वभाव आहे, खोट नाही. डावीकडचे दोन कोपरे वाचता येतात आणि उजवीकडचे पुसट, एफ/५.६ लाही तसेच? मग आतलं भिंग सरकलेलं किंवा तिरकं बसलेलं असू शकतं. याला डीसेंटरिंग म्हणतात, आणि ही खरी खोट आहे.

पण थांबा! लगेच दुकानात धाव घेऊ नका.

पायरी ४: टाकीवरून खातरजमा

भिंतीची परीक्षा करताना आपल्याकडून कॅमेरा थोडा तिरका राहिलेला असू शकतो. म्हणून दुसरी परीक्षा घ्या, जिथे सरळ-तिरकं हा प्रश्नच येत नाही. सकाळी लवकर गच्चीवर जा. दोन-तीनशे मीटरवरची पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस निवडा. दुपारी जाऊ नका, तापलेल्या हवेत लांबचं सगळं थरथरतं.

ती टाकी फ्रेमच्या मध्यावर ठेवून फोकस करा आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. आता फोकसला हात न लावता कॅमेरा फिरवून तीच टाकी चारही कोपऱ्यांत एकेकदा आणा आणि फोटो काढा. गोष्ट तीच, अंतर तेच. इथेही उजवीकडचेच दोन कोपरे पुसट आले, तर भिंतीने सांगितलं ते खरं होतं.

शक्य असेल तर मित्राची एखादी लेन्स त्याच कॅमेऱ्यावर लावून तीच परीक्षा करा. तिच्यातही तीच बाजू पुसट आली तर दोष लेन्सचा नाही, कॅमेऱ्याच्या माउंटचा किंवा सेन्सरचा आहे.

पायरी ५: काडेपेट्यांची रांग

काही लेन्स स्पष्ट असतात, पण फोकस भलतीकडे बसतो. डोळ्यांवर फोकस केला आणि कान स्पष्ट आला, हा अनुभव अनेकांना असतो.

सात काडेपेट्या घ्या. टेबलावर तिरक्या रांगेत उभ्या करा, प्रत्येक पेटी आधीच्या पेटीच्या पाच सेंटीमीटर मागे आणि थोडी बाजूला. कॅमेऱ्यापासून चौथ्या पेटीचं अंतर फोकल लेंग्थच्या ५० पट ठेवा: ५० एमएमला अडीच मीटर, ८५ एमएमला साधारण सव्वाचार मीटर. लेन्स पूर्ण उघडी. फक्त मधला फोकस पॉइंट चौथ्या पेटीवर. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावा, असे दहा फोटो.

- दहापैकी बहुतेक वेळा चौथीच पेटी स्पष्ट: लेन्स ठीक.
- दर वेळी पाचवी-सहावी पेटी स्पष्ट: फोकस मागे बसतोय. तिसरी-दुसरी असेल तर पुढे.
- कधी दुसरी, कधी सहावी, काही ठरावीक नाही: उजेड वाढवून परत करा. तरी तसंच असेल तर ऑटोफोकसमध्येच गडबड.

डीएसएलआरवाल्यांनी हीच परीक्षा एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये करायची. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर होतो, लाइव्ह व्ह्यूचा फोटोच्या सेन्सरवर. लाइव्ह व्ह्यूमध्ये बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मागे-पुढे येत असेल, तर भिंगं ठीक आहेत, फक्त कॅमेरा आणि लेन्सचा मेळ बसलेला नाही. कॅनन ८०डी किंवा निकॉन डी७५०० सारख्या कॅमेऱ्यांत तो मेळ मेनूमधून बसवता येतो. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर किंवा नग बदलणं हाच मार्ग. सिग्मा आणि टॅमरॉनच्या काही लेन्सना त्यांचं वेगळं यंत्र लावून घरीच जुळवणी करता येते. मिररलेसमध्ये फोकस थेट फोटोच्या सेन्सरवर होतो, त्यामुळे हा मेळाचा प्रश्न जवळपास येतच नाही. म्हणून मिररलेसवर फोटो सॉफ्ट येत असतील तर आधी शटर स्पीड आणि फोकस मोड तपासा.

शेवटी स्टॅबिलायझर. हातात कॅमेरा धरून १/१५ सेकंदाला दहा फोटो स्टॅबिलायझर चालू ठेवून, दहा बंद ठेवून. चालू असताना स्पष्ट फोटोंची संख्या ठळकपणे जास्त आली पाहिजे.

दुकानदाराशी बोलायचं कसं?

मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. "मजा येत नाही, फोटो सॉफ्ट येतात" असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं, की दुकानदार मनात म्हणतो, याला कॅमेरा धरता येत नाही. दहा वेळा ते खरंही असतं. पण एखादा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, ही भिंतीची मालिका, ही टाकीची. दोन्हीकडे उजवे कोपरे पुसट. हीच दुसरी लेन्स लावून बघितली, ती ठीक आहे. सिरीयल नंबर हा." अशा गिऱ्हाइकाशी वाद घालायला जागाच राहत नाही. दुकानदारालाही पुढे कंपनीला दाखवायला पुरावा मिळतो, म्हणून तोही मनापासून मदत करतो.

आवाज चढवू नका, फाइल दाखवा. बोलणं झाल्यावर तेच थोडक्यात व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवा, म्हणजे तारीख नोंदली जाते. आणि दुरुस्ती की बदली, हे आधी स्पष्ट करून घ्या. मुदतीत असाल तर बदलीच मागा. बरेचदा ऑनलाइन विक्रीत पैसे परत मिळत नाहीत, फक्त नग बदलून मिळतो, आणि त्याला काही दिवसांचीच मुदत असते. ऑर्डर देण्याआधी ती अट वाचा. बदलून आलेल्या नगाचीही हीच तपासणी पहिल्यापासून करायची.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अट समजून घ्या

"सर, मी तर धंद्यासाठी घेतली, मला ग्राहक म्हणतील का?" हा प्रश्न फार चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा त्यात ग्राहक धरला जात नाही. पण कायद्यातच स्पष्ट म्हटलंय की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःची उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली, तर ते व्यापारी काम मानायचं नाही. म्हणजे स्वतः कॅमेरा गळ्यात घालून लग्नं करणारा तुमच्यासारखा माणूस ग्राहक ठरू शकतो.

सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी ओळ बिलावर छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी संपत नाही. आधी दुकान, मग कंपनी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही भागलं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे फी लागत नाही. पण हे सगळं पक्क्या बिलावर उभं आहे, हे विसरू नका.

माझा नियम: पंधरा दिवस आधी, पहिल्या दोन दिवसांत

लग्नसराईसाठी लेन्स घ्यायची असेल तर पहिल्या ऑर्डरच्या किमान पंधरा दिवस आधी घ्या. हातात आल्यापासून दोन दिवसांत वरच्या पाचही पायऱ्या पूर्ण करा. सगळं मिळून अर्धा दिवस लागतो. त्या फाइली "लेन्सचं नाव, तारीख, सिरीयल नंबर" अशा नावाच्या फोल्डरमध्ये कायम ठेवा. वर्षभराने लेन्स पडली, किंवा फोटो बदलल्यासारखे वाटले, तर तुलनेला जुना पुरावा तयार असेल. उद्या लेन्स विकायला काढाल तेव्हाही हे फोल्डर दाखवा, घेणाऱ्याचा विश्वास बसतो.

आणि पहिल्या ऑर्डरला नव्या लेन्सवर एकटीवर विसंबून जाऊ नका. जुनी किट लेन्स किंवा भाड्याची एखादी लेन्स बॅगेत असू द्या.

तुमचा धंदा फोटोग्राफीचा नसेल तरी हीच सवय लावा. शिलाई मशीन घ्या, ओव्हन घ्या किंवा प्रिंटर घ्या, पहिल्या गिऱ्हाइकाचं काम त्यावर लावण्याआधी स्वतः पूर्ण क्षमतेने चालवून बघा, आणि बघितल्याचा पुरावा ठेवा.

या आठवड्यात कुणी नवीन लेन्स घेतली असेल, तर रविवारचा पेपर रद्दीत टाकू नका. छोट्या जाहिरातींची पानं बाजूला काढा आणि भिंतीवर लावा. कोपरे कसे आले ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण आधी माल तपासा!